खुरातलं वर्ष

म्वायार, पाय दे.
डावा, पुढचा. हां, शाबास.
बारा वर्षं तुझे नाल मीच ठोकतो.
मोटार थांबायच्या आत ओळखतेस मला,
हत्यारांच्या पेटीच्या खुळखुळाटावरून.

खूर महिन्याला बोटभर रुंदसुद्धा वाढत नाही.
सावकाश लिहिणारा माणूस खोटं कमी लिहितो,
तसा तो.
केसांच्या कडेपासून चार बोटं खाली
एक वळं आहे, दबकं, खरबरीत.
मी अंगठा ठेवून मागे मोजतो :
मे, एप्रिल, मार्च…
ऑक्टोबरला येऊन अंगठा थांबतो.

ऑक्टोबरात ट्यूडरच्या कुरणातला चारा आला.
छत्तीस गठ्ठे. वास चांगला होता.
मीच म्हणालो होतो, वास चांगला आहे.

त्या कुरणात पिवळी फुलं फार माजली होती.
क्रायलिस म्हणतो आम्ही त्याला.
ट्यूडरच्या वडिलांची नांगराची जोडी त्यानंच गेली,
एका हिवाळ्यात दोन्ही घोडे.
म्हणून ट्यूडरनं फवारलं.
डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं,
वारा पडायची वाट पाहिली,
आणि घोड्यांच्या काळजीपोटी फवारलं.
वाळल्यावर कापलं. दिवस जरा कमी मोजले असतील,
पावसाचा अंदाज होता.

आता हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं :
जिवंत असताना ते झाड कडू.
घोडा नाक फेंदारतो, बाजूचं गवत खुडतो.
औषध पडलं की मरता मरता
ते गोड होतं.
तुझ्या जिभेला आजीपणजीनं शिकवलेलं सगळं
एका दुपारीत बाद.

डिसेंबरात तू जांभया देत होतीस.
आम्ही हसलो. एल्यूनेड म्हणाली, म्हातारी झाली.
मार्चच्या कोवळ्या उन्हात
तुझ्या कपाळावरचा पांढरा पट्टा भाजून सोलला.
मग एका रात्री तासभर
तू भिंतीला डोकं टेकवून उभी,
जणू भिंतीपलीकडे कुणी बोलत होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त नेलं, गठ्ठ्यातला मूठभर चारा नेला.
यकृताचा आकडा वाईट आला.
चाऱ्याचा कागद मात्र निर्मळ :
अंश आढळला, मर्यादेच्या आत.
झाडाचा तर मागमूसच नाही त्या मुठीत.
उरलेल्या पस्तीस गठ्ठ्यांत किती मुठी असतात
ते कागदावर नव्हतं.
आणि मर्यादा रोजची असते, म्वायार.
यकृत बेरीज करतं.

ट्यूडर येऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला.
टोपी हातात. आत आला नाही.
एल्यूनेडनं त्याला चहा दिला, दोघंही पावसाबद्दल बोलले.

तू बोलली नाहीस. वाटाणे बोलले.
एल्यूनेडनं तुझी लीद परसातल्या वाफ्यात घातली होती,
दरवर्षी घालते तशीच, फावड्यानं, उदारपणे.
यंदा वाटाण्याची पानं उगवली ती मुठी वळून,
शेंडे पीळ घातल्यासारखे,
टोमॅटोचे देठ वाकडे.
त्या कुरणातून चाऱ्यात, चाऱ्यातून तुझ्या पोटात,
पोटातून मातीत,
एवढी पायपीट करून
ते अजून आपलं काम विसरलेलं नव्हतं.
वाफा उपटायचा, ठीक.
पण उपटून टाकायचा कुठे,
हे एल्यूनेड मला विचारते. मी नालबंद आहे.

उजवा पाय दे.
यातही आहे वळं. चारही पायांत असणार.
कानशीनं घासून गुळगुळीत करता येईल,
विकायची घोडी असती तर केलं असतं.
राहू दे. वर्षाअखेरीपर्यंत ते उतरेल जमिनीपाशी,
तेव्हा कापीन मी,
तू असलीस तर.
असशील. आज ओट्सला तोंड लावलंस, पाहिलं मी.

काम संपलं. फरशीवर खुराचे काप पडलेत.
पेरो नेहमीसारखा शेपटी हलवत आलाय,
हे काप म्हणजे कुत्र्याची दिवाळी.
बारा वर्षं दर खेपेला त्यालाच दिले.
आज हाकललं त्याला.
गोळा केले एकेक, खिशात घातले,
आणि मोटारीशी उभा आहे तेव्हाचा,
हात खिशात.