तीन दिव्यांची गाडी

ब्रनोहून माणूस आला. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून
शेडमध्ये शिरला. मी ताडपत्री ओढली.
कोंबड्यांची पिसं उडाली आणि एकाच काचेमागून
तीन दिवे त्याच्याकडे बघायला लागले.
‘टाट्रा सहाशे तीन,’ तो म्हणाला, ‘पहिला चेहरा.’
आणि टोपी काढली. चर्चमध्ये काढतात तशी नाही,
डॉक्टरसमोर काढतात तशी.

आमच्या कोपर्झिव्नित्सेत ही गाडी आम्ही बनवायचो
आणि साहेब लोक मागे बसायचे.
दर थोड्या वर्षांनी कारखाना तिला परत बोलवायचा,
जुने डोळे काढायचा, नवे बसवायचा,
नवीकोरी म्हणून पाठवणी करायचा.
माहेरी येऊन चेहरा बदलून जाणारी बाई.
त्यामुळे तीन डोळ्यांच्या फारशा उरल्या नाहीत.
सिनेमात उरल्या.
पडद्यावरच्या गाडीला कारखान्याचं बोलावणं पोचत नाही.

त्या सिनेमासाठी तीन नेल्या होत्या
बेस्किडीच्या घाटात, एकसष्ट साली.
एक मधोमध कापली, नायिकेचं रडणं जवळून दिसावं म्हणून.
एक दगडखाणीत ढकलली.
एक नुसती उभी, ओठ रंगवल्यासारखी, क्लोजअपपुरती.

खाणीच्या काठापर्यंत गाडी नेली माझ्या बापाने.
ओटाकार व्हिद्लाक, फिटर, वय सत्तावीस.
डोक्यावर नायिकेचा सोनेरी टोप,
अंगात तिचा फुलाफुलांचा झगा, पाठीवर शिवण उसवलेला,
मनगटावर वेल्डिंगने भाजल्याची पट्टी.
अकरा सेकंद दिसतं ते मनगट.
नावांच्या यादीत नायिकेच्या कुत्र्याचं नाव आहे.
बापाचं नाही.

‘किती येतील?’ मी विचारलं.
‘तिघींपैकी कुठली, त्यावर आहे,’ तो म्हणाला.
मला हसू आलं. जी पडली, तिच्यासाठी
ओस्त्रावाच्या थिएटरात बाया किंचाळल्या होत्या.
ती आता खाणीतल्या पाण्याखाली आहे,
पोरं तिच्या टपावरून सूर मारतात.
मरण तिचं, भाव हिला.
मेला हत्ती सव्वा लाखाचा म्हणतात ना,
इथे मेल्या हत्तीचे पैसे
शेजारची हत्तीण मागत होती.

मग त्याने टॉर्च धरून नंबर वाचला,
पिशवीतून कारखान्याच्या नोंदवहीची नक्कल काढली,
पुन्हा नंबर वाचला.
‘अहो, ही तर पडलेली आहे.
एकसष्ट, ऑक्टोबर. भंगार. सही, ओ. व्हिद्लाक.’

मी कोंबड्यांना हुसकलं.
बापाची सही मला लांबूनही ओळखू येते,
खाली एक रेघ, कानशीने घासल्यासारखी.
कुठल्या रात्री कुठल्या गाडीचा नंबर
कुठल्या प्रेताच्या नावे चढला, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.
एवढंच आठवतं, की लहानपणी आमचे बटाटे
घराच्या तळघरात नाही, गवताच्या गंजीमागे
कशावर तरी रचलेले असायचे,
आणि त्या बटाट्यांना पेट्रोलचा वास यायचा.

तो बराच वेळ घुटमळला. दाराची एक पोच चाचपली,
तिचा फोटो घेतला, ‘ही बुजवू नका हं,’ म्हणाला,
‘हिचेच पैसे आहेत.’
ती पोच आमच्या बोकडाची. मी बोलले नाही.
फॉर्मवर दिव्यांच्या रकान्यात छापलेलं होतं: दोन, चार.
त्याने पेन दातांत धरलं.

स्वयंपाकघरात बाप बटाटे सोलत होता,
एक्क्याण्णव वर्षांचा, साल एकसंध उतरवत.
आकडा त्याने विचारला नाही.
‘सीटखालचा टोप सापडला का त्याला?’
नाही, म्हटलं.
‘बरं झालं,’ तो म्हणाला. ‘त्यात उंदरीण व्याली आहे.’