शिरोरेषा

पाचपावलीच्या प्लॉटवर
नकाशा चार विटांनी दाबून धरलेला.
निनावे मॅडमनी आधी खोल्याच काढल्या:
एक काना, एक पोटफोड्या ष,
आणि एक नुसताच पिवळा चौकोन,
ज्यात कपाट नाही, पाटी नाही.
"हे काय होय?" समितीचे हेडाऊ.
"चित्र. काही होय, असं नाही."

स्लॅब शेवटी.
पोर अक्षरं काढून झाल्यावर
वरून रेघ ओढतं, तशी;
पण मध्ये हातभर तोडलेली.

"गॅप काहून? पाणी येईन ना बाप्पा."
मॅडम बोलायच्या आत
मडावी मिस्त्री ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाला,
"दोन शब्द चिकटवून लिहिले
तर वाचता येईन का, साहेब?"
रात्रशाळेतली छडी
त्याच्या तळहाताला अजून पाठ होती.

आता मे. सेहेचाळीस.
कूलरचा वाळा तासाभरात सुकतो.
फटीतून ऊन उतरतं,
रिकाम्या खोलीत पिवळं होऊन बसतं,
दुपारभर सरकतं.
त्याच्या कडेकडेने, सावलीच्या बाजूला,
पुस्तकातून डोकं न काढता
एक मुलगी बूड सरकवत जाते.

पाणी येतंच.
जुलैत तिथे बादली असते.