पाऊण मैल

एकोणीस वर्षं मी काउंटीचा ग्रेडर चालवतो.
खडीचा रस्ता, दोन्हीकडे मक्याची धसकटं.
चर्चच्या वळणापुढे ओकच्या झाडीतून
एक खोलगट पट्टा येतो, छातीइतका खोल, पानांनी भरलेला,
एका जागी आमच्या रस्त्याखालून पलीकडे जातो
आणि कुणाच्या तरी नांगराखाली संपतो.
पाऊण मैल, सगळा मिळून.
तपकिरी पाटीला शिकारीच्या मोसमात तीन भोकं पडलीत.

त्या हिवाळ्यात समोर मिसिसिपी बर्फाने तुंबलेली,
मागे ओहायो, आणि मागे जायचं नव्हतंच.
घरांतून हाकललेली चेरोकी माणसं
इथे वाट पाहत राहिली, म्हणतात.
वाटेवरच बसून वाट पाहायची
म्हणजे नेमकं काय पाहायचं?

डेला केचर ओक्लाहोमाहून येते, दर जानेवारीत.
पानांवर घडीची खुर्ची उघडून तासभर बसते.
फुलं नाहीत, प्रार्थना नाही.
एकदा संत्रं सोलून खाल्लं, सालं खिशात घातली.
मी इंजिन बंद केलं तर म्हणाली,
"चालू दे. आवाज असला की बरं."

आमच्या घरी एक वही आहे.
खापरपणजोबांचं अक्षर, सुबक, दुकानदाराचं.
मका. चारा. मीठ.
आणि डिसेंबरच्या शेवटच्या पानावर:
फळ्या दोन, लहान मापाच्या.
जमा: तांब्याची किटली, एक.
खाली दुहेरी रेघ. हिशेब जुळलेला.

त्या किटलीत आईने जन्मभर जिरेनियम लावलं.
मला वाटायचं, कुणाच्या लग्नातला आहेर असेल.

ऑफिसातून दर वसंतात फोन:
वेन्डल, चर्चपुढचा तुकडा का सोडतोस, गाड्या खडखडतात.
तिथे खडक लागतो, मी सांगतो.
खडक नाही. तिथे आलं की
हात आपोआप पातं उचलतो.

यंदा माती काढून किटली घासली, व्हिनेगर आणि मीठ लावून.
बुडाशी अंगठ्याएवढा पोचा निघाला.
शेजारच्या सीटवर ठेवली.
डेला आली, बसली, गुडघ्यावर हात टेकून उठली.
मी काचेवरची वाफ पुसत होतो.
"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "गुडघे म्हणतील तसं."

फेब्रुवारी सरत आला.
किटली सीटवरच आहे.
चर्चच्या वळणावर कलंडते,
मी एका हाताने धरतो.