पत्रक क्रमांक ११४७

माझ्या बापानं चपला शिवल्या, सुभाषनगरात.
मी पानं शिवते.
सुई घराण्यातलीच, दोरा तेवढा बारीक झाला,
आणि कातड्याच्या जागी आला
विद्यापीठातला पांढरा जाड कागद.

पहिल्या दिवशी शिरगुप्पे सर म्हणाले,
टाका देठाला घाल, पानाला नको.
मेलंय, तरी दुखवू नये.
मला हसू आलं होतं.

चौऱ्याहत्तर साली ते बेटांवर गेले.
मद्रासहून बोट, चार दिवस उलट्या,
खांद्याला पत्र्याचा डबा,
आणि ट्रंकेत पानं दाबायला
कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांची रद्दी.
अजून एखादी घडी उघडली
की नेच्याशेजारी गुळाचा सौदा निघतो:
शाहूपुरी, आवक साडेतीन हजार रवे.
खासबागेत कोण चितपट झाला तेही निघतं,
त्याच्या छातीवर केवड्याच्या जातीतलं
लांब करवती पान,
पानावर शाई उमटलेली, उलटी.
आरशापुढं धरलं तर मैदानाची तारीख वाचता येते.

चहाला बसलं की सर मागचं सांगायचे.
त्यांच्याआधी गलबतं गेली होती गोऱ्यांची,
डेकवर काचेच्या पेट्या, पेट्यांत रोपं,
खलाशाला पाणी मोजून, रोपाला वेळेवर.
जायफळासाठी माणसं कापली,
एका ऑर्किडसाठी अख्खं झाड आडवं केलं.
मग बशीत चहा ओतत म्हणायचे,
मी काही फार वेगळा नव्हतो गं.
माझ्याकडं परवाना होता, एवढंच.

लेबलावर रकाने सहा.
नाव, कुळ, स्थळ, समुद्रसपाटीपासून उंची,
तारीख, संकलक.
संकलक सगळीकडं शिरगुप्पे.
साठ फुटांवरचं फूलही शिरगुप्पे.
आणि सर तर विभागाचा जिना
कठडा धरून चढायचे.

विचारायचं राहून गेलं.
ते आधी निवृत्त झाले, मग गेलेच.

यंदा कपाटात कसर लागली.
अकराशे सत्तेचाळीसचे टाके सुटले होते,
कोपऱ्यात गळलेल्या बियांसाठी चिकटवलेलं
बोटभर पाकीट, त्यात तीन बिया,
आणि केएमटीच्या तिकिटामागं पेन्सिलीनं,
सरांचं ते मुंग्यांसारखं अक्षर:
*चढला एनोक. उतरताना गुडघा फुटला.
तंबाखू मागितली, नव्हती माझ्याकडं.
बिया त्यानं दिल्या. म्हणाला, घरी लाव.*

लावल्या नाहीत सरांनी. पाकिटात ठेवल्या.
मी एक लावली, डालड्याच्या डब्यात, खिडकीत.
चार महिने पाणी घातलं.
काही आलं नाही. डबा अजून तिथंच आहे.

लेबलावर स्थळ: त्रिंकेट बेट, पूर्वेचा किनारा.
उंची: दोन मीटर.
तो किनारा आता नाही म्हणतात,
सुनामीत जमीनच खाली बसली.
म्हणजे उंचीचा आकडा चुकला
आणि लेबलावर खाडाखोड करायची नाही, असा नियम.
एकोणीस साली बापट कॅम्पात आमच्या घरात
पंचगंगा विजेच्या मीटरपर्यंत चढली होती.
भिंतीवर रेघ आहे. नवऱ्यानं दोनदा रंग दिला,
रेघ वर येते.

आमच्या बापाच्या चपलेवर, तळव्याला,
दुकानदाराचं नाव असायचं, सोनेरी ठशात.
बाप ते ठसेसुद्धा नीट, सरळ मारायचा.

आता सगळी पत्रकं स्कॅन व्हायला लागलीत.
पोरगा आलाय पुण्याहून, कानात वायरी.
अकराशे सत्तेचाळीस काचेवर ठेवून विचारतो,
मावशी, हे पाकीट बंदच ठेवू ना?

म्हटलं, उघड.
बिया सांडू देऊ नको.
आणि तिकीट उलटं कर,
पेन्सिलीची बाजू वर.