तोंडावरचा उजेड

मुखरू भोयर किती वेळ मेला होता
यावर अजून एकमत नाही.
नर्सबाई म्हणतात दोन मिनिटं, फार तर अडीच.
मंडई कमिटीचे अध्यक्ष सात म्हणतात.
चहाच्या टपरीवर आता अकरा झालीत,
पुढच्या दिवाळीपर्यंत
तो रात्रभर मेलेला असेल.

मी जवळच होतो. घड्याळ पाहिलं नाही.
तिसरा अंक, कार्तिकातली रात्र, वायरीवर दव,
आणि डिमरच्या पेटीपाशी हा बसल्या जागी कलंडला,
बांधीत धानाचा भारा कलंडतो तसा.
राजा तलवारीसकट थांबला.
माझं बोट वहीतल्या पुढच्या वाक्यावर होतं
आणि ते मी, काय सांगू, सवयीनं
मोठ्यानं म्हणालो.
कुणी उचललं नाही.

नर्सबाई पहिल्या रांगेत, तिकीट काढून आलेल्या.
पदर खोचला, त्याच्या छातीवर दोन्ही हात रोवले,
तीसपर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून,
पुन्हा एकपासून.
बाराशे माणसं शेंगा फोडायची थांबली होती.
मग हा खोकला.

तिसऱ्या दिवशी वडसेच्या दवाखान्यात म्हणाला,
"वरून पाह्यलं जी सारं.
राजाच्या टोपाले मागून भोक हाये.
अन् मंडपाच्या ताडपत्रीवर
लहान्या पोराची चप्पल, निळी, डाव्या पायाची."

खालून ताडपत्रीची पाठ दिसत नाही.
मी रातोरात मोटरसायकल काढली.
मंडप सुटला होता,
ताडपत्री घडी होऊन ट्रकमध्ये,
ट्रक सिंदेवाहीच्या वाटेवर.
कापलेल्या बांधीत खांबांचे खड्डे
आणि शेंगांची टरफलं.
चप्पल नव्हती. असती तरी
ती वरून पडली हे कोण सांगणार?
परतताना पुलावर आठवलं,
लाईट बांधायला मंडपावर रोज
मुखरूच तर चढतो.

हे मी कुणाला बोललो नाही.
बोलून चप्पल थोडीच खाली येणार होती.

लोक येऊ लागले. कुणाला आजा हवा होता,
कुणाला विचारायचं होतं, तिकडे जात विचारतात का.
एकाला गेलेल्या भावाकडून
सातबाऱ्याचं पक्कं करून घ्यायचं होतं.

सायत्राबाई सगळे गेल्यावर आली.
तिचा रोशन बोडीत गेला त्याला चार वर्षं.
खाटेच्या कडेला बसली, मांडीवर सीताफळांची पिशवी,
"माहा पोरगा दिसला का जी?"

मुखरूनं माझ्याकडे पाहिलं,
नट वाक्य विसरला की विंगेत पाहतो तसं,
मान न वळवता.
तीस वर्षं मी माणसांना पुढचं वाक्य देतो आहे.
राजांना दिलं, दरोडेखोरांना दिलं,
मरणाऱ्यांना तर फारच,
मरताना नट पाठांतर विसरतात.
त्या दुपारी माझ्याकडे काही नव्हतं.

शेवटी तोच बोलला, मनचं:
"उजेड होता बाई. पन तोंडावर होता.
स्टेजवर उभं रायलं अन् लाईट तोंडावर असला
त समोरचं मानूस दिसत नाही.
काळंच काळं.
पन मानसं असतात ना तिथं.
कोनीतरी खोकलं, येवढं आयकू आलं."

"त्याले दमा होता," सायत्राबाई म्हणाली.
सीताफळं ठेवून गेली.

कार्तिकात बाराशे माणसं उघड्यावर बसली
की कुणीतरी खोकतंच.
आणि त्या रात्री तो स्वतःही खोकला होता.
दम्याचं त्याला कुणी सांगितलं असेल, नसेल,
मी विचारलं नाही.
सीताफळं आम्ही दोघांनी खाल्ली, बिया मोजत बसलो.

आता तो पुन्हा पेटीपाशी असतो, रबरी बूट घालून.
शेवटच्या प्रवेशात अंधार करायच्या आधी
एकदा माझ्याकडे बघतो.
मी मान हलवतो.
वहीत पुढचं पान आहे
असं त्याला वाटतं.