साठ सेकंद

ससून डॉकच्या मागच्या बाजूला, बर्फाच्या कारखान्याला लागून,
शीतगृहाच्या चार खोल्यांचं तापमान नोंदवणारं एक यंत्र आहे.
पोळ्यांच्या डब्याएवढं.
वीज जाऊन आली की कधी उठतं, कधी नाही.
मग रात्री अडीचला हिराजी तांडेलांचा फोन:
"बाय, कर्नलसाहेब परत घाबरले."

चूक माझीच. पहिल्या खेपेला मीच सांगितलं होतं,
पडद्यावर येतं त्याला म्हणतात कर्नल पॅनिक.
तेव्हापासून त्यांच्या लेखी त्या डब्यात
एक मिशीवाला, निवृत्तीला टेकलेला अधिकारी राहतो
आणि दिवे गेले की त्याला स्वतःचं घर सापडत नाही.

तसं फार चुकलेलंही नाही.
जागा झाल्यावर तो आधी मूळ शोधतो,
आपलं सगळं ज्या डिस्कवर ठेवलंय ते.
नाही सापडलं, तर शेवटची एक ओळ लिहितो
आणि तिथेच उभा राहतो.

किती वेळ उभं राहायचं, ते आपण ठरवायचं.
एकच आकडा.
शून्य लिहा, माणूस येईपर्यंत उभा,
मग तो माणूस सोमवारी का येईना.
उणे लिहा, क्षणाचीही उसंत नाही, पुन्हा पहिल्यापासून.
मी पाच लिहिला होता.
आपोआप सावरेल, असं मालकांना सांगून.
खरं तर रात्री कुलाब्याला यायला नको म्हणून.

त्या रात्री तो उठला, पडला, पाच सेकंद, उठला.
डिस्क फिरायला लागायच्या आत पडला.
मी पोचेपर्यंत शंभर वेळा तरी.
पडद्यावर अक्षरं यायची, पुसली जायची,
माझ्या मोबाइलचा कॅमेरा उघडेपर्यंत पुन्हा काळोख.

हिराजींनी तापमानाची वही पुढे केली.
पापलेट, उणे अठरा. सुरमई, उणे अठरा.
त्याखाली पेन्सिलीनं, दर खेपेला चार अक्षरं,
जिथे राहिलं तिथून पुढे,
अख्खी ओळ उतरवलेली.
इंग्रजी वाचता येत नाही त्यांना.
पण दुसऱ्याच्या जाळ्यातली गाठ बघून
तशीच बांधता येते.
शेवटी कंस. कंसात शून्य, स्वल्पविराम, शून्य.

"तो येकच गोष्ट सांगत व्हता, बाय.
तुमी त्याला बोलूच देत नाय."

मग कंप्रेसरच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी
त्यांच्या बापाच्या होडीचं इंजिन सांगितलं.
हँडल मारायचं. नाही लागलं तर थांबायचं.
कान द्यायचा, वास घ्यायचा.
लागोपाठ मारत सुटलं की ते नुसतं डिझेल पितं
आणि भरतीचं पाणी कुणाची वाट बघत नाही.

मी कीबोर्ड मांडीवर घेतला.
मुळाची वाट बघ, असं लिहिलं, दहा सेकंद.
डिस्क म्हातारी आहे, कंप्रेसर सुरू होताना दबकते,
तिला तेवढे लागतात.
कायम वाट बघ, असंही लिहिता येतं.
नाही लिहिलं.
डिस्क खरंच मेली तर तो गप्प बसून राहील
आणि कुणाला कळणारही नाही.

आणि पाच खोडून साठ.
एवढ्यात एक ओळ उतरवून होते,
चष्मा शोधण्यासकट.

प्लग काढून परत लावला. दहा मोजले. डिस्क गुरगुरली.
आकडे येऊ लागले, एक एक खोली.

"पन लिवलं काय व्हतं त्यानं?"
मी वहीवर बोट ठेवून वाचलं:
मूळ सापडत नाही. जिथे बघतोय तिथे ओळखीचं काही नाही.
शून्य, शून्य.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मग वही ओढून घेतली, तारीख घातली,
पडद्याकडे बघत तिसऱ्या खोलीपुढे लिहिलं, उणे सोळा.
"दोननं चढलंय," म्हणाले,
"दार कोनी उघडं ठेवलं रे?"
आणि टॉर्च घेऊन आत गेले.