शेऱ्याचा रकाना

सुमोचा डिझेलचा काटा
दोन हजार बारापासून अर्ध्यावर बसलाय.
टाकी भरा, रिकामी करा, तो हलत नाही.
अर्धपोटी माणसानं तक्रार सोडून द्यावी तसा.

म्हणून वही.
दोनशे पानी, लाल कापडी पाठीची,
सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारातली.
बाबांनी पट्टीनं आखलेले रकाने:
तारीख, मीटर, लिटर, भाव, सरासरी, शेरा.
टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर टिपायचं,
पुन्हा गळ्यापर्यंत भरेस्तोवर
भागाकार करायचा नाही.
"अर्ध्यात हिशेब केला तं गाडी खोटं बोलते."

मी अर्ध्यातच केला.
दिघोरीच्या पंपावर तीस लिटर टाकलं
आणि सिरोंचाला निघाले.
मागे रेशन दुकानाचे तीन वजनकाटे
गोधडीत गुंडाळलेले.
टाकीत आधीचं किती, ते काट्याला ठाऊक,
म्हणजे कोणालाच नाही.

उमरेड. भिवापूरला ऐंशीच्या वेगातही मिरचीचा ठसका.
नागभीड. मूलला चहा.
आष्टीच्या पुलाखाली मे महिन्याची वैनगंगा,
पाण्यापेक्षा वाळू जास्त.
आलापल्लीच्या पंपावर खुर्चीत पाटी बसवलेली:
डिझेल नाही.
"टँकर उद्या येईल जी," पोरगा म्हणाला.
"नाही तं परवा."

गाडी चालली दोनशे बहात्तर.
बारानं भागलं, बावीस पॉइंट सहा जळलं.
उरलं सात, वर थोडं.
बारानं गुणलं, अठ्ठ्याऐंशी.
सिरोंचा अठ्ठ्याण्णव.
सागाच्या रानात कुठेतरी
दहा किलोमीटर कमी पडत होते.

स्टिअरिंगवर वही टेकवून मागची पानं उलटली.
बारा. साडेअकरा. बारा.
मग मध्येच चौदा पॉइंट एक. शेरा: सौ. सोबत.
रामटेक, चौदा. सौ. सोबत.
अंभोरा, चौदा पॉइंट तीन. सौ. सोबत, दही सांडले.

आईला पन्नासच्या वर मळमळायचं.
बोलायची नाही.
नुसता डॅशबोर्डवर तळहात ठेवायची,
भाकरी फुगतेय का बघावं तसा.

सतराच्या नोव्हेंबरनंतर सगळे बाराच.
बाबांनी दोनदा नोझल साफ करवलं,
एकदा फिल्टर बदललं,
पावत्या टाचून ठेवल्यात.
शेरा: फरक नाही.

मी एसी बंद केला. काचा खाली.
पन्नास.
खडी उखडलेली तिथे तीस.
एवढा हळू रस्ता मी पाहिलाच नव्हता.
तेंदूपत्त्याचे पुडे उन्हात ओळीनं पालथे,
एक म्हातारा सायकल हातात धरून चाललेला,
आरशात तो किती तरी वेळ मावत होता.
वळणावर दोनदा मी डावीकडे पाहिलं.
सीटवर पाण्याची बाटली होती, तेवढीच.

सिरोंचाच्या अलीकडे इंजिन एकदा खोकलं.
पोचलं मात्र.
काटे उतरवले. एक चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता,
उभ्या उभ्या जुळवून दिला.

नागपूरला परत, रात्री साडेदहा.
बाबा ओट्यावर, बनियनमध्ये,
मोतीबिंदूच्या डोळ्यात औषध घालून मान वर केलेली.
जेवलीस का नाही, रस्ता कसा होता नाही.
"कितीचा देऊन राहिली गाडी?"

येताना सिरोंचाला गळ्यापर्यंत भरलं होतं,
दिघोरीला पुन्हा गळ्यापर्यंत.
"चौदा," मी म्हटलं. "चौदा पॉइंट दोन."

मान तशीच वर.
औषधाचा थेंब कानाकडे ओघळला.
"कोण होतं सोबत?"

मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.
शेऱ्याचा रकाना सोडला होता.
ते पेन शोधायला आत गेले,
भिंतीला हात लावत,
पन्नासच्या आतच.